रिपोर्ट चांगला आला, सूज उतरली, मग अंगातला जीव कुठं गेला? (आमवात आणि थकवा)

शिलाई_लातूर
सोमवार, पहाटे ५.१०

नमस्कार. रात्री साडेनऊला झोपले होते. मधे एकदा उठले असेन, एवढंच. तरी आत्ता अंथरुणावर उठून बसले ती भिंतीला टेकलेलीच आहे. मुलगी क्लासला जायच्या आत हे लिहून टाकते, नाहीतर दुपारी शब्द सुचत नाहीत.

माझं वय ३९. गाव औसा तालुक्यात, मुलीच्या शिक्षणासाठी लातूरला येऊन बारा वर्षं झाली. मालक मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर उजव्या हाताची मधली दोन बोटं सकाळी वळेनात. सणाचं काम होतं, वाटलं कैचीनं झालं असेल. मग डाव्या हाताची तीच दोन बोटं, मग दोन्ही मनगटं. चालताना पायाच्या बोटांखाली खडे असल्यासारखं टोचायचं. दुधाची पिशवी दातानं फोडायची वेळ आली. दहा वाजेपर्यंत मूठ मिटायची नाही. तीन महिने शेकण्यात आणि मलमात गेले, मग सांध्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. आमवाताच्या रक्ततपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह आले.

मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम चालू आहे, आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. शिवाय फॉलिक ॲसिड आणि आमवाताचीच रोजची दुसरी गोळी, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन). गोळ्यांनी गुण आला, हे आधी सांगते. अंगातली सूज दाखवणारा रक्तातला ईएसआर ६८ होता तो २२ वर आला. बोटांची सूज गेली. कैची धरता येते, हूक लावता येतात, काज करता येतात. मी देवीला साडी-चोळी नेली त्याबद्दल.

पण थकवा गेला नाही. उलट दुखणं होतं तेव्हा त्याच्याआड तो दिसत नव्हता, आता उघडा पडलाय.

दमणं मला माहीत आहे. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत पायमशीन चालवलंय मी, दिवसाला पाच-पाच ब्लाउज अस्तरासकट काढलेत. ते दमणं झोपलं की उतरायचं. त्यात एक समाधानही असायचं. हे तसं नाही. सकाळी उठते तेव्हाच संपलेली असते. ओली वाकळ अंगावर टाकून कामाला लावल्यासारखं. आता दिवसाला एक ब्लाउज होतो, तोही दोनदा आडवं पडून. आणि डोकंसुद्धा चालत नाही. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं पैठणीचं ब्लाउजपीस मी चुकीच्या मापानं कापलं. वहीत माप बरोबर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, आणि कापडावर खूण दुसऱ्याच आकड्याची केली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. पैसे भरून दिले. पण ती बाई दारातून गेल्यावर मी किती रडले, ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

यंदाच्या येळवशीचं (वेळ अमावास्येचं, आमच्याकडं त्या दिवशी रानात पूजा आणि पंगत असते) सांगते. आदल्या दिवशी भज्जीसाठी तुरीच्या शेंगा, वाटाणा, वाल सोलायला बसलो. सोलताना बोटं दुखली नाहीत, हे मुद्दाम लिहितेय. रात्री अकरापर्यंत निवडून झालं. पहाटे तीनला उठून उंडे, खिचडा, गव्हाची खीर. आंबील आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आधीच लावली होती. रानात गेलो, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, पंगती बसल्या. मी कोपीच्या मागं सावलीला टेकले ती उठूच शकले नाही. ताप नाही, चक्कर नाही, कुठं दुखत नाही. हात उचलायचा म्हटलं तर हात दुसऱ्याचा असल्यासारखा. पाहुणे जेवायलेत आणि घरची सून पडून. जावेनं वाढलं सगळ्यांना.

आत्याबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. परत येताना गाडीत म्हणाल्या, "माझेबी गुडघे दुखायलेत की गं. चिकनगुनिया झाला तवा तर आख्खं गाव वाकलं होतं. म्हणून कुणी सुगीत पडून राहिलं का?" त्या वाईट नाहीत. कित्येक महिने माझी वेणी त्यांनीच घातली आहे, माझ्या हातानं होत नव्हती तेव्हा. म्हणून ते जास्त लागलं. त्यानंतर चार दिवस मी मशीनवरचं कापड काढलं नाही.

मला एवढंच विचारायचंय. हा थकवा आजाराचा, गोळ्यांचा, का माझ्या मनाचा? सांधे बरे असूनही तुम्हाला असं होतं का? डॉक्टर विचारतात, "आता दुखतंय का?" मी खरं तेच सांगते, "नाही." आणि पुढच्या नंबरला हाक जाते. घरी कसं सांगायचं, तेही सांगा. सोमवार सगळ्यात वाईट असतो. आज सोमवार आहे.


एसटीवाला_बीड
सोमवार, दुपारी १.३५

ताई, होतं. अगदी असंच होतं. सांधे बरे असतानाही होतं. हे आधी वाचा आणि मग बाकीचं.

मी कंडक्टर, वय ५४, आमवाताला अकरा वर्षं झाली. हा आजार बायकांना आमच्यापेक्षा दोन-तीन पट जास्त होतो, त्यामुळं पहिली दोन वर्षं मला कुणी आमवात म्हणेच ना. बीड आगारातून गाडी घेऊन निघायचो. सकाळी गाडीत चढताना दांडी धरवत नव्हती, ते दुखणं गोळ्यांनी गेलं. एकदा धारूरच्या घाटात उभ्या उभ्या एका आजीला तिकीट देत होतो, तिनं गाव सांगितलं, आणि ते गाव कुठल्या टप्प्यावर येतं हेच आठवेना. पंचवीस वर्षं त्या रस्त्यावर काढलेला माणूस मी. तुमच्या ब्लाउजपीसचं वाचलं आणि मला ती आजी आठवली.

माझ्या बाबतीत तीन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या. एक, झोप. मला वाटायचं मी रात्रभर झोपतो. मंडळींनी एक रात्र जागून मोजलं, मी चौदा वेळा कूस बदलली आणि चार वेळा कण्हलो. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्हीही साडेसात तास म्हणताय, पण ती झोप कशी होती ते शेजारी झोपणाऱ्याला विचारा. दोन, जेवण. भूक मेली होती, भाकरी अर्ध्यावर आली होती. तीन सांगायला मला वर्ष लागलं. मी उदास झालो होतो. थकवा आला म्हणून उदास, उदास म्हणून आणखी थकवा. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी त्याच्यावर वेगळ्या गोळ्या दिल्या, सहा-सात महिने घेतल्या. बराच फरक पडला. म्हणून "माझ्या मनाचा आहे का" असं लाजून विचारू नका. थोडा मनाचाही असेल. मनही याच अंगात राहतं, त्यालाही औषध आहे.

सर्टिफिकेट दिल्यावर मला खिडकीवरची ड्युटी मिळाली. पगार तोच, पण गाडी सुटली याचं वाईट वाटतं अजून.


काळी_आई_परभणी
सोमवार, सायंकाळी ७.२०

ताई, मी वयानं मोठा आहे, राग मानू नका. माझ्या आईला वात होता, बायकोला आहे. पडून राहिलं की वात चढतो, हे मी डोळ्यानं पाहिलंय. सकाळी कोमट पाण्यात एरंडेल, सुंठ घ्या, दही-टोमॅटो बंद करा, आणि रोज दोन कोस चाला. त्या गोळ्या गरम पडतात, त्यांनीच अंग गळून जातं. हळूहळू सोडून द्या. परळीकडं एकजण पुड्या देतो, माझ्या बायकोला तीन दिवसांत एवढी तरतरी आली की ती खुरपायला गेली. पाहिजे असेल तर पत्ता देतो.


पॅथॉलॉजी_नांदेड
सोमवार, रात्री १०.०५

ताई, मी नांदेडला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सतरा वर्षं झाली. डॉक्टर नाही. रक्त काढते आणि तपासते, आणि आमवाताचे पेशंट दर महिन्याला समोर बसतात म्हणून थोडं लिहिते. ताईंचं उत्तर आधी देते, काकांना शेवटी.

आमवात हा सांध्यांचा आजार म्हणून ओळखला जातो, पण तो मुळात सगळ्या अंगाचा आहे. रोगाशी लढणारी आपलीच फौज आपल्या सांध्यांवर उलटते. ही फौज एकमेकींना निरोप देण्यासाठी काही रसायनं सोडते, टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी नावं आहेत त्यांची. तीच रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत निरोप पोचवतात. फ्लूचा ताप आला की अंग गळतं, जेवण नको वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आठवतं ना? तो मेंदूचा हुकूम असतो, "पडून राहा, लढाई चालू आहे." तापात तो चार दिवस असतो. आमवातात लढाई संपतच नाही, मग हुकूमही उठत नाही. सूज डोळ्याला दिसेनाशी झाली तरी आत थोडी धग राहू शकते. त्यामुळं हा आळस नाही, आणि तुमचा भासही नाही.

आत्याबाईंचे गुडघे हा बहुतेक वेगळा प्रकार आहे. वयानं, वापरानं गुडघ्याची गादी झिजते, त्यात दुखणं खूप असतं, थकवाही येतो, पण अख्ख्या अंगात अशी लढाई पेटलेली नसते. आणि २००६ चा चिकनगुनिया त्यांनी बरोबर आठवला. लातूर, बीड, उस्मानाबादेत तो फार पसरला होता. ताप गेल्यावरही किती लोक महिनोन् महिने अंग धरून होते! त्यांना एवढंच विचारा, तेव्हा ताप गेल्यावर अंगात किती ताकद होती? ती अवस्था त्यांना कळेल. तुमची तशी दोन वर्षं चालली आहे.

आता तपासण्या. तुम्ही ईएसआर सांगितला, हिमोग्लोबिन सांगितलं नाही. ते किती आहे? आमवातात रक्त कमी होण्याची एक वेगळी तऱ्हा आहे. त्याच इंटरल्युकिनमुळं यकृत हेप्सिडिन नावाचा पदार्थ जास्त बनवतं आणि तो लोहाच्या साठ्याला कुलूप लावतो. तुमच्या मालकांच्या भाषेत, माल गोदामात आहे पण गाडीत चढत नाही. त्यात आपल्या बायकांचं पाळीतून रक्त जातं, जेवणात लोह कमी, म्हणजे गोदामही रिकामं असू शकतं. दोन्ही एकत्र असलं की रिपोर्ट फसवतो. फेरिटिन हे साठ्याचं माप, पण अंगात सूज असली की ते वाढलेलं दिसतं. म्हणून आमवाताच्या पेशंटचं फेरिटिन नॉर्मल आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं ठरवता येत नाही. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून प्रत्यक्ष किती लोह वाहून नेलं जातंय त्याचं माप) आणि सीआरपी (सुजेची आणखी एक तपासणी) पाहावं लागतं. तसंच रक्त कमी असलं की नुसत्या त्यानंही ईएसआर वर जातो. हे सगळं एकत्र वाचायचं काम डॉक्टरांचं, तुम्ही फक्त "थकव्यासाठी काय तपासायचं?" एवढं विचारा. थायरॉइडचं टीएसएच राहून जाऊ देऊ नका, आमवाताबरोबर थायरॉइड बिघडलेलं पुष्कळदा सापडतं. बी-१२ आणि डी-३ पण.

सोमवारचं कोडं सोपं आहे. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर दुसऱ्या दिवशी, कधी दोन दिवस, अंग जड होणं, मळमळणं, डोकं धुरकट होणं पुष्कळांना होतं. त्यावर डॉक्टर वार बदलून देतात, फॉलिक ॲसिडची मात्रा बदलतात, कुणाला इंजेक्शनवर नेतात. पण हे त्यांनीच ठरवायचं. आणि इथं वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. तोंड आतून सोललेलं असतं, पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात. जीवावर बेततं.

काका, आता तुम्हाला. चालण्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत, दोन कोस सोडून. पण गोळ्या सोडायला सांगू नका. औषध सुटलं की आजार पुन्हा उसळतो आणि मग बोटं वाकडी होतात ती परत सरळ होत नाहीत. आणि ती पुडी साधी समजू नका. तीन दिवसांत तरतरी आणणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. ते वर्षभर पोटात गेलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. म्हणून आता एकाएकी बंदही करू नका. पुडी खिशात घालून वहिनींना डॉक्टरांकडं घेऊन जा. लवकर जा.


काळी_आई_परभणी
सोमवार, रात्री ११.४०

तिला मागच्या आठवड्यापासून तहान फार लागायली. उद्या सकाळच्या गाडीनं परभणीला नेतो. पुडी सोबत घेतो.


शाळाबाई_उदगीर
मंगळवार, पहाटे ५.४५

सगळं वाचलं. काकांच्या दोन ओळी वाचून झोप उडाली, काय झालं ते कळवा काका.

शिलाईताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. आमवात नऊ वर्षं. माझंही तेच व्हायचं, बरं वाटलं की मी वर्षाची पापडं-कुरडया एका दिवसात घालायची आणि पुढचे पाच दिवस वर्गात खुर्चीला धरून चालायची.

तुम्ही २०१६ ला लातूरला होतात. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझी बहीण तेव्हा लातूरला होती. ती सांगते, टँकर यायचा त्या दिवशी पिंप भरलेलं बघून जीव हरखायचा. ज्या बाईनं त्या आनंदात चादरी-गोधड्या धुवायला काढल्या तिच्याकडं सहाव्या दिवशी चहाला पाणी नसायचं. आणि जिनं पहिल्या दिवसापासून तांब्या मोजून घेतला, तांदळाचं पाणी भांड्याला आणि भांड्याचं झाडाला घातलं, तिचं पुढच्या टँकरपर्यंत निभायचं. ताकदीचं आपलं तसंच आहे ताई. चांगल्या दिवशी भरलेलं पिंप दिसतं आणि आपण ते उपसून टाकतो. येळवशीला तुम्ही रात्री अकरापर्यंत सोललं आणि तीनला उठलात. पिंप रात्रीच रिकामं झालं होतं, कळलं दुसऱ्या दिवशी रानात.

मी एक वही केली. रोज रात्री थकव्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि शेजारी दिवसभर काय केलं ते एका ओळीत. सहा आठवड्यांनी दिसलं की गोळीच्या दुसऱ्या दिवशी आठ, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सात, आणि जेवणानंतर वीस मिनिटं डोळे मिटले त्या दिवशी चार-पाच. डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी गोळीचा वार शनिवार करून दिला, आता वाईट दिवस रविवारी येतो, शाळेत येत नाही. "फार थकवा येतो हो" हे मी चार वर्षं सांगत होते. आकडा दाखवला तेव्हा त्यांनी पेन हातात घेतलं.

याचा त्यांनाही दोष देत नाही मी. जगभरातच हे उशिरा कळलंय. आमवाताच्या औषधांचे प्रयोग व्हायचे तेव्हा सुजलेले सांधे मोजत, दुखणारे मोजत, ईएसआर पाहत, थकवा सहसा कुणी विचारत नव्हतं. २००२ मध्ये या मोजमापांवर काम करणाऱ्या ओमेरॅक्ट नावाच्या गटाच्या बैठकीला पहिल्यांदा पेशंटांना बोलावलं, आणि पेशंट म्हणाले की आमचा मोठा त्रास तर तुम्ही मोजतच नाही. मग २००६ मध्ये ठरलं की आमवाताच्या प्रयोगांत थकवाही मोजायचा. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या तोंडून निघालेली गोष्ट आहे ती. २०२३ मध्ये सांध्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या युरोपातल्या युलार संघटनेनं तर थकव्यासाठी वेगळ्या शिफारशीच काढल्या. पेशंटला थकव्याबद्दल नियमित विचारा, अंग हलतं ठेवायला सांगा, आणि थकव्याशी कसं जमवून घ्यायचं ते शिकवा, असं त्यात आहे.

अंग हलतं ठेवायचं म्हणजे काकांचे दोन कोस नव्हेत. मी घरापासून मारुतीच्या पारापर्यंत सुरुवात केली, पाच मिनिटं. पहिले पंधरा दिवस तर वाटलं थकवा वाढलाच. मग दर आठवड्याला एक-दोन मिनिटं. आज अर्धा तास चालते. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी मात्र नाही. या आजारात आतून मांस झिजतं, मग तेवढ्याच कामाला जास्त जोर लागतो, म्हणून हलणं सोडायचं नाही.

घरी कसं सांगायचं, ते मला नीट जमलेलं नाही. मी सांगत नाही, वही फ्रिजवर लावते.


शिलाई_लातूर
तीन आठवड्यांनंतर, बुधवार, दुपारी ३.००

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. काका, वहिनींची साखर आणि औषध मार्गी लागलं हे तुमच्या निरोपातून कळलं, फार बरं वाटलं.

माझं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. बी-१२ कमी. टीएसएच ठीक आहे. फेरिटिन ५५ आलं, कागदावर ते नॉर्मल छापलेलं होतं. मी नांदेडच्या ताईंचं वाक्य कागदावर लिहून नेलं होतं, तसंच विचारलं. डॉक्टरांनी सॅच्युरेशन करायला सांगितलं, ते कमीच निघालं. आता लोहाची गोळी आणि बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. दोन-तीन महिने लागतील म्हणाले. फॉलिक ॲसिडही वाढवून दिलं. मालकांना रात्री जागून मोजायला सांगितलं होतं. त्यांनी नऊ कुशी मोजल्या आणि मग त्यांनाच झोप लागली.

उदासपणाचं मी अजून डॉक्टरांना बोलले नाही. पुढच्या वेळी बोलेन. बीडच्या दादांनी लिहिलं नसतं तर ते माझ्या मनातही आलं नसतं.

वही चालू केली. आकडे फारसे खाली आलेले नाहीत, खोटं कशाला सांगू. सात-आठ होते ते सहा-सात झालेत, दोन दिवस पाच लागला. पण सोमवारी आता मी माप घेत नाही आणि कापडाला कैची लावत नाही. सोमवारी फक्त हूक, तेही बसून, जमेल तेवढे. गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय, मंगळवार ते शनिवार या. एक बाई दुसरीकडं गेली. बाकीच्या आल्या. कटिंग सकाळी अकरा ते एक, डोकं त्याच वेळात चालतं. दुपारी पंचवीस मिनिटं आडवी होते, पण आता गजर लावून होते. आधी चोरून पडायची आणि दाराचा आवाज आला की उठून मशीनवर बसायची. त्या दचकून उठण्यानंच निम्मी ताकद जायची.

आत्याबाईंना मी चिकनगुनियाचं विचारलं. भाकरी थापत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "ताप तीन दिसांत उतरला बघ. पण पुढं चार महिने हंडा उचलंना. तुझे सासरे म्हणायचे, आता काय झालंय तुला, ताप तर गेला." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपली, ती त्यांच्या हातून कधी करपत नाही. नंतर म्हणाल्या, "त्यांनी तसं म्हणल्यावर मी आडात बघत बसले होते एकदा."

मला हे कधीच माहीत नव्हतं. सतरा वर्षं मी या घरात आहे.

परवा सोमवारी उठले तर मशीनवर कापड टाकलेलं होतं आणि मुलीचा डबा भरलेला होता. आत्याबाई गुडघ्याला फडकं बांधून ओट्याशी उभ्या होत्या. मी म्हटलं, तुमचे गुडघे दुखत असतील, बसा, मी करते. त्या म्हणाल्या, "आज तुझा सोमवार हाय. माझं उद्या बघू." फ्रिजवरच्या वहीत मुलीनं त्यांच्या गुडघ्यांसाठी दुसरा रकाना आखलाय, आत्याबाई तिला आकडा सांगतात आणि ती लिहिते. सोमवारी त्यांचा सहा होता, माझा सात.

उदगीरच्या बाई, मी यल्लम्माच्या देवळापर्यंत चालायला लागले आहे, सात मिनिटं जायला. यायला नऊ लागतात. तुम्हाला पाच मिनिटांवरून अर्ध्या तासावर यायला किती महिने लागले?